मॅच बघायला जाताना: उन्हातल्या पाहुण्याची तब्येत



हंगामाचा पट्टा पडला, टोळ्या आपापल्या गावी गेल्या, खोडव्याची पाचट सरीत लागली, की आपल्याकडे मुंबईला जायचे वारे सुरू होते. पूर्वी हे जाणे लालबाग-परळला असायचे. गिरण्या गेल्या, पोरे उपनगरात सरकली, आणि आज आपल्या कार्यक्षेत्रातल्या पुष्कळ घरांचा एक पाय मीरा रोडला नाहीतर भाईंदरला आहे. एप्रिल-मे महिन्यात शाळांना सुट्ट्या असतात, नातवंडे घरी असतात, आणि मोकळी मैदाने टेनिस बॉल क्रिकेटने भरलेली असतात. 'आजोबा, चला मॅच बघायला' असे नातवाने म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? जावे, जरूर जावे. पण तिथे बसणारा पाहुणा आजारी पडू नये म्हणून काही गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत, त्यासाठी हा पाठ.

आधी आमच्या घरातला प्रसंग सांगतो, कारण माझा अभ्यास तिथूनच सुरू झाला.

आमचे दाजी पासष्टीचे. अंगाने काटक, अजून स्वतः सरीला पाणी लावतात. त्यांचा थोरला मुलगा मीरा रोडला राहतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो होतो. भाईंदर पश्चिमेकडच्या एका मैदानावर क्रिकेटचे सामने होते, अंतिम सामना रविवारी दुपारी. निघताना मुलगा म्हणाला, "आबा, पाण्याची बाटली घ्या, ऊन बाधंल." दाजी हसले. "अरं, हयात उन्हात गेली आमची. हितलं ऊन ते काय ऊन हाय व्हय? आपल्याकडं चाळीस असतंय, हितं चौतीस."

आम्ही अकरा वाजता जाऊन बसलो. मंडप होता, पण तो पाहुण्यांसाठी आणि बक्षिसांच्या टेबलासाठी. बाकीच्यांनी उघड्यावर बसायचे. दाजींच्या पोटात सकाळचा चहा आणि दोन खारी एवढेच होते. पाणी प्यायचे म्हटले तर पुन्हा लघवीला कुठे जायचे हा प्रश्न, म्हणून तेही टाळले. दीडच्या सुमारास त्यांचे डोके दुखू लागले. बोलले मात्र नाहीत, पोराला चालू मॅचमधून कशाला उठवायचे! दोन वाजून गेल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "टोळी अजून आली न्हाई व्हय?"

मे महिन्यात ऊसतोडीची टोळी! मला आधी वाटले, चेष्टा करताहेत. मग डोळ्यांकडे बघितले आणि पोटात गोळा आला.

शेजारी बसलेल्या बाई परिचारिका निघाल्या हे आमचे नशीब. त्यांनी दाजींना त्याच मंडपात आडवे केले, सदरा काढला, सबंध अंगावर पाणी ओतले आणि पोरांच्या हातातले चौकार-षटकाराचे पुठ्ठे घेऊन चौघांना वारा घालायला लावले. सोडावाल्याच्या टबातला बर्फ पंचात बांधून दोन्ही काखांत, मानेला आणि जांघेत ठेवला. १०८ ला फोन केला. कुणीतरी लिंबू सरबताचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी हातानेच मागे सारला. म्हणाल्या, "शुद्धीवर नीट नाहीत, घशात गेलं तर गुदमरतील." दाजी दोन दिवसांनी घरी आले. आता ठणठणीत आहेत, आणि हा प्रसंग मी लिहायला त्यांचीच परवानगी आहे.

आता प्रश्न असा, की चाळीस अंशांत वावरणारा माणूस चौतीस अंशांत कसा पडला?

आपल्या कारखान्यावर गेलात तर स्प्रे पाँड बघा. कंडेन्सरमधून आलेले गरम पाणी तिथे कारंज्यासारखे हवेत उडवतात. त्यातले थोडे पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते, म्हणून बाकीचे गार होते. हवा कोरडी असेल त्या दिवशी पाँड चांगले काम करतो. हवा दमट असेल तर पाणी म्हणावे तसे गार होत नाही, हे तिथल्या कोणत्याही कामगाराला विचारा. आपले अंग म्हणजे असाच एक स्प्रे पाँड आहे. घाम येणे म्हणजे पाणी उडवणे. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सत्तर किलोच्या माणसाचे अंग दहा अंशांनी तापवायला जवळजवळ एवढीच उष्णता लागते, यावरून घामाची किंमत कळावी. तोच घाम हनुवटीवरून टपकून गेला, तर अंगातले पाणी आणि मीठ गेले आणि गारवा मात्र काही मिळाला नाही.

घाटावर मे महिन्यात ऊन कडक, पण हवा कोरडी. घाम आला कधी आणि वाळला कधी हे कळतसुद्धा नाही. भाईंदरच्या एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र. तिथे सदरा अंगाला चिकटतो तो संध्याकाळपर्यंत तसाच. तापमान ३२ अंश आणि हवेतली आर्द्रता ७० टक्के असेल, तर शरीराला ते ४१ अंशांसारखे जाणवते, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. हा हिशेबही सावलीतला. उघड्यावर त्यात उन्हाची भर पडते. भारतीय हवामान खातेसुद्धा दोन ठिकाणांना एक माप लावत नाही. उष्णतेची लाट ठरवताना सपाट प्रदेशात पारा किमान ४० अंशांवर जावा लागतो, किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच लाटेचा विचार सुरू होतो, आणि दोन्हीकडे तो साधारणपणे सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी चढलेला असावा लागतो.

कुणी विचारील, हवा एवढी दमट, तर मग भाईंदरच्या मिठागरात पाणी कसे वाळत होते? शंका रास्त आहे. मिठागरात पाणी पसरट वाफ्यांतून दिवसचे दिवस उन्हावाऱ्यात वाळते, त्याला घाई नसते. आपल्या अंगाला घटकाभराची उसंत नसते.

दुसरी गोष्ट दाजींच्या त्या 'हयात उन्हात गेली' याची. रागावू नका, पण हे अर्धेच खरे आहे. आपण शेतकरी उन्हात काम करतो, पण उन्हाला हुशारीने चुकवूनही राहतो. सकाळी सहाला रानात जातो, बारा ते तीन आंब्याखाली किंवा गोठ्यात पडतो, पाणी पाजायचे तर ते बहुधा रात्री, कारण वीजच तेव्हा असते. भरदुपारी चार तास एका जागी, सावलीशिवाय, तांब्या जवळ न ठेवता आपण कधी बसतो का? मैदानावर नेमके तेच करतो. शिवाय नव्या हवेला शरीर रुळायला एक ते दोन आठवडे लागतात. शनिवारी एस.टी.तून उतरलेला पाहुणा रविवारी दुपारी मैदानात बसला, तर त्याच्या अंगाला ती सवड कुठे मिळाली? म्हणून पहिले तीन-चार दिवस सकाळच्या किंवा प्रकाशझोतातल्या सामन्यांनाच जावे.

रात्रीचा सामना म्हणजे धोकाच नाही असे मात्र समजू नये. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडे मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलने अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद २०१ धावा काढल्या, ते आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शन संचावर बघितले असेल. दिवेलागणीनंतरचा डाव, तरी त्याच्या पायांत गोळे येत होते, तो जमिनीवर आडवा पडत होता, आणि पुढे तर पाय न हलवता जागेवरून फटके मारत होता. दुपारभर क्षेत्ररक्षण करताना गेलेला घाम त्यामागे होता. तो तर रोज व्यायाम करणारा तरुण खेळाडू. पिंढऱ्यांत किंवा पोटात गोळे येणे ही शरीराने दिलेली पहिली नोटीस समजावी. त्याच स्पर्धेत प्रेक्षकांना पिण्याचे पाणी फुकट देण्याचा निर्णय क्रिकेट नियामक मंडळाला करावा लागला होता.

खेळाचा नसला तरी आणखी एक प्रसंग विसरून चालणार नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक सकाळपासून उघड्या मैदानात बसले होते, तापमान ३८ अंशांच्या आसपास होते, आणि १४ जणांचा जीव गेला. मृतांपैकी बहुतेकांच्या पोटात कित्येक तास अन्न नव्हते, असे शवविच्छेदनाच्या अहवालाच्या आधाराने वर्तमानपत्रांत आले होते. ती माणसे कष्ट करत नव्हती, नुसती बसून होती. 'आपण कुठे खेळणार आहोत, आपण तर बघणार' हा भ्रम तिथे पुरता मोडला.

आता उपायाकडे वळू. आणि इथे आपल्या मालाचा, म्हणजे साखरेचा, संबंध येतो.

घामातून पाणी जाते तसे मीठही जाते. पण नुसते मिठाचे पाणी आतड्यात पटकन शोषले जात नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर अशी दारे आहेत की ज्यांतून मीठ आणि ग्लुकोज हातात हात घालूनच आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. साखर नसेल तर हे दार नीट उघडत नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथे कॉलऱ्याची साथ होती. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपात कालवून नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्या आत आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आज औषधाच्या दुकानात मिळणारी ओ.आर.एस.ची पुडी ही त्याच पाण्याची सुधारलेली आवृत्ती. आपली साखर पोटात फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, म्हणून घरगुती पाण्याला आपली साखरही चालते.

प्रमाण पाठ करून ठेवा. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सपाट भरलेले सहा लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ. ढवळून चाखून बघावे, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. वर लिंबू पिळले तर उत्तम. ते चोवीस तासांत संपवावे, उरले तर झाडाला घालावे. मीठ जास्त घातले म्हणजे गुण जास्त येईल, असे युरियासारखे गणित इथे करू नका, उलट अपाय होईल. दुकानातून पुडी घेतली तर ती अख्खी एक लिटरला लावावी. ग्लासभर पाण्यात चिमूट-चिमूट टाकू नये. ओ.आर.एस. हे नाव छापलेली गोड पेये खोक्यांतून मिळत, ती वेगळी. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असले नाव लावायला मनाई केली आहे. तरी पुडीवरचा मजकूर नातवाकडून वाचून घ्यावा.

"मग उसाचा रस का नको?" असे आपला सभासद विचारणारच. रस प्यावा, त्याला ना नाही. पण त्याचे ब्रिक्स आपल्याला ठाऊक आहे, अठरा-वीस. साध्या एका ग्लासात तीस ग्रॅमच्या वर साखर जाते. एवढे दाट पेय पोटातून लवकर पुढे सरकत नाही आणि त्यात मीठ नगण्य. म्हणून रस ही चैन समजा, तहानेचे औषध नव्हे. मधुमेह असलेल्यांनी तर मीठ घातलेले पातळ ताकच बरे. रसापेक्षा त्यातल्या बर्फाची भीती अधिक. मासळीवर टाकायचा बर्फ आणि खायचा बर्फ वेगळा ओळखता यावा म्हणून २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आहे. पांढरा दिसला म्हणून तो शुद्ध पाण्याचाच असेल, याची मात्र खात्री नाही. कावीळ आणि विषमज्वर याच वाटेने येतात. मैदानाबाहेरच्या गाडीवर रस घ्यायचाच झाला तर बिनबर्फाचा, डोळ्यांदेखत काढलेला घ्यावा. बर्फाचा गोळा नातवाला नाकारणे कठीण आहे हे मलाही कबूल आहे.

किती प्यावे? तहान लागण्याची वाट बघू नये. साठीनंतर तहानेची जाणीवच मंदावते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी, म्हणजे पाच-सहा षटके गेली की चार-पाच घोट घ्यावेत. एकदम तांब्याभर ढोसू नये. लघवीचा रंग हा घरचा तपासनीस आहे. फिकट गवती असेल तर ठीक, मोहरीच्या तेलासारखी गडद झाली तर पाणी कमी पडते आहे. आता लघवीचा विषय निघालाच आहे तर भगिनींसाठी स्पष्ट लिहितो. सोय नसते म्हणून आपल्या आया-बहिणी बाहेर पडायच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. हे फार वाईट. मैदानावर पोचल्याबरोबर आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते घरच्या माणसाने बघून यावे. सोय नसेल तर तास-दीड तासांत घरी परतायचे ठरवूनच जावे. सामना काय, पुन्हाही असतो.

औषधांबद्दल. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवून काम करतात. दाजींची गोळी त्याच जातीची होती, हे आम्हाला रुग्णालयात कळले. आपल्या मनाने गोळी बंद करू नये, पण मुंबईला निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे: उन्हात बसणार आहे, पाणी-मीठ किती चालेल? हृदयाचा, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर मीठ-साखरेचे पाणीही विचारूनच घ्यावे. आणि मॅचच्या निमित्ताने तरुण मंडळी जी बाटली उघडतात, ती उन्हात दुप्पट बाधते, एवढेच लिहून पुढे जातो.

कपडे आपले नेहमीचे चांगलेच आहेत. सैल सुती सदरा, धोतर किंवा पायजमा, टोपी आणि खांद्यावर ओला पंचा. ओला पंचा मानेवर ठेवावा आणि वाळला की पुन्हा भिजवावा. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही असे आपल्याकडे म्हणतात. कांदा भाकरीबरोबर पोटात घालावा, खिशात ठेवून काही होत नाही. न्याहारी करूनच निघावे. जागा निवडताना खेळ नीट दिसतो कुठून यापेक्षा दोन वाजता सावली कुठे येईल ते आधी बघावे. सिमेंटच्या पायऱ्या खालून भाजतात, त्यावर काहीतरी अंथरावे. मोठ्या स्टेडियममध्ये बाटली बहुधा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा दारातच पोटभर पिऊन घ्यावे.

वानखेडेला जाणाऱ्यांनी परतीचाही विचार करावा. चर्चगेटहून भाईंदर चाळीस किलोमीटरच्या वर आहे. सामना सुटल्यावरच्या गर्दीत, घामाघूम, तासाहून अधिक वेळ उभ्याने जायचे म्हणजे दुसरा सामनाच. त्यात विरार लोकलमध्ये चढलात तर मीरा रोडला, भाईंदरला उतरणे कठीण. भाईंदर लोकलच धरावी, आणि एक-दोन गाड्या सोडून शांतपणे बसून जावे.

आता ओळखायचे कसे. पायांत गोळे, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, अंग घामाने थबथबलेले, पण बोलणे सुसंगत: अशा माणसाला ताबडतोब सावलीत न्यावे, पाय थोडे उंच करून निजवावे, मीठ-साखरेचे पाणी घोट-घोट पाजावे. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर डॉक्टर. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, चिडचिड करू लागला, आकडी आली किंवा शुद्ध हरपली, आणि अंग चटका बसावा तसे तापलेले असेल, तर तो उष्माघात. आतले तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेले असते. अंग कोरडेच पाहिजे असे नाही, दाजी घामाने भिजलेले होते. तिथे 'जरा पडू द्या, बरं वाटंल' म्हणायचे नाही. एकाने १०८ फिरवायचा, बाकीच्यांनी अंगावर पाणी आणि वारा सुरू करायचा, काखेत-मानेत-जांघेत बर्फ. गाडी येईपर्यंत हे थांबवायचे नाही. तोंडात काही घालायचे नाही. तापाची गोळी द्यायची नाही, हा ताप वेगळा, त्याला ती लागू पडत नाही. भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय हे सरकारी रुग्णालय आहे, लोक त्याला टेंभा रुग्णालय म्हणतात. पाहुण्याने तिथे गेल्या-गेल्या जवळचे रुग्णालय आणि मुलाच्या इमारतीचा पूर्ण पत्ता चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावा. गडबडीत 'मीरा रोडला, पोराकडं' एवढ्यावर गाडी पोचत नाही.

शेवटी एक प्रयोग, घरी करून बघण्यासारखा. आपण काट्यावर विश्वास ठेवणारी माणसे आहोत. सामन्याला जाण्यापूर्वी कोरड्या कपड्यांत वजन करा, आल्यावर अंग पुसून पुन्हा कोरड्या कपड्यांत करा. जेवढे किलो घटले, तेवढे लिटर पाणी अंगातून गेले आणि तुम्ही ते भरून काढले नाही, असा हिशेब. गेल्या मे महिन्यात दाजी पुन्हा मीरा रोडला गेले होते. संध्याकाळचा सामना, बरोबर बाटली, ओला पंचा. जाताना वजन ६३ किलो ४००, आल्यावर ६३ किलो १००. मला फोन करून म्हणाले, "तीनशे ग्रॅम वजावट बसली, पर मॅच पुरी बघितली."